विश्रामबागच्या काकांना, डिस्क वाचवल्याबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

आभार फोनवरही मानता आले असते. पण तुम्ही जे समजावून सांगितलंत ते चार लोकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात तळमजल्यावरचं अल्बमचं कपाट बुडालं. चिकटलेले फोटो सोडवून, पुसून, स्कॅन करून एक्स्टर्नल डिस्कवर ठेवायचं काम मी करत होते. एकेका फोटोला अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात डिस्क कधी कट् करून थांबायची आणि फोल्डर उघडताना सगळं अडकायचं, तर कधी स्क्रीनवरून नाहीशीच व्हायची. दुकानात ऐकलं ते एवढंच, की डिस्क गेली, नवीन घ्या.

तुम्ही मात्र डिस्कला हात लावायच्या आधी विचारलंत, "काम चालू असताना जाते, की काम थांबल्यावर?" थांबल्यावर, असं मी म्हणताच तुमचं अर्धं निदान झालं होतं!

मग तुम्ही विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडून दाखवलंत. तिथे 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' समोर २० मिनिटं होती. वीस मिनिटं कोणी काही मागितलं नाही, की विंडोज डिस्कची फिरती तबकडी थांबवतं, आणि पुन्हा वेग घ्यायला तिला काही सेकंद लागतात. ते अडकणं म्हणजे हे. नाहीशी होण्याचं कारण वेगळं निघालं: यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड. त्यात पोर्टच झोपवला जातो, आणि काही डिस्कना त्यातून नीट जागं होता येत नाही. ते बंद केलंत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या (यूएसबी पोर्ट ज्याला जोडलेले असतात त्याच्या) पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला तो बंद करू देणारी खूणही काढलीत. पुढच्या पोर्टात लांब एक्स्टेन्शन वायरने लावलेली डिस्क मागच्या यूएसबी ३ पोर्टात थेट लावलीत, कारण पुढचा जुना यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, हा ९००, आणि बिनअ‍ॅडॉप्टरच्या डिस्कला सुरू होतानाच सगळ्यात जास्त करंट लागतो.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. वेळ कायमची 'नेव्हर' करून तुम्ही मोकळे झाला नाहीत. सारखं थांबून सुरू होण्याने डिस्क झिजते, आणि विनाकारण दिवसभर फिरली तर तापते, म्हणून स्कॅनिंग चालू असेपर्यंतच 'नेव्हर', नंतर पुन्हा वीस मिनिटं, असं ठरवून दिलंत. वर बजावलंत, की कुठलीही सेटिंग म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी प्रत आता मिरजेला ताईच्या कपाटात आहे, कशालाही न जोडलेली. घरात पुराचं पाणी शिरलेलं पाहिल्यावर हा सल्ला मला दुसऱ्यांदा सांगावा लागणार नाही.

आजीचे लग्नातले फोटो त्याच जुन्या डिस्कवर सुखरूप आहेत. तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच घेतलात. काका, मनापासून आभार.

एक काम मात्र उरलंय. मामांच्या कॉम्प्युटरवर मी हेच सगळं केलं, तरी त्यांची डिस्क झोपतेच. काही डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे डिस्कच्या आतच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये, झोपेची वेळ ठरलेली असते आणि ती बदलायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, असं तुम्ही म्हणाला होतात. रविवारी डिस्क घेऊन आले तर चालेल ना?

आपली,
गावभाग, सांगली