मोफत शिक्षणसामग्री आहे, वाट दाखवणारे ग्रंथालय हवे

प्रति,
मा. संपादक,
नागपूर

विषय : विनामूल्य ऑनलाइन शिक्षणसामग्री आणि शहरातील सार्वजनिक ग्रंथालये

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकासह शहरातील सर्वच वृत्तपत्रांची पाने शिकवणी वर्गांच्या जाहिरातींनी भरून जातात आणि सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत चौकाचौकांत त्याच वर्गांचे फलक झळकू लागतात. जाहिरात करणे हा त्यांचा हक्क आहे आणि जाहिरातींवर वृत्तपत्र चालते, हेही मी जाणते. माझे म्हणणे वेगळे आहे. जी सामग्री आपल्याच करांतून किंवा विद्यापीठांच्या खर्चातून तयार झाली आहे आणि जिच्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही, तिची जाहिरात कोणीच करीत नाही. परिणामी ती उपलब्ध आहे हेच अनेक घरांना ठाऊक नसते. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला हे अधिक खटकते, कारण योग्य पुस्तक योग्य वाचकाच्या हाती पडावे एवढेच आमचे काम होते आणि तेच काम आज या नव्या सामग्रीसाठी कोणी करताना दिसत नाही.

शालेय वयाचेच पाहा. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात कोणालाही उतरवून घेता येतात आणि एकदा उतरवली की पुढे इंटरनेट लागत नाही. पुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचावरील त्या पाठाशी संबंधित दृक्‌श्राव्य साहित्य उघडते. परंतु तो चौकोनी ठसा कशासाठी छापला आहे हे कधीच न विचारता दहावी पार पडलेली मुले मी पाहिली आहेत. विज्ञानाच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा उपक्रम. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यात पडद्यावरच बॅटरी, तारा आणि दिवा जोडून विद्युत परिपथ तयार करता येतो, तार काढली की दिवा विझतो, रोध वाढवला की प्रवाह कमी झालेला मापकावर दिसतो, आणि यांतील बरेच प्रयोग मराठीतही आहेत. रामन विज्ञान केंद्रात सहलीला गेलेल्या मुलाला तेथील उपकरण रांगेत उभे राहून एखाद्या वेळीच हाताळायला मिळते. येथे तोच प्रयोग हवा तितक्या वेळा बिघडवून पुन्हा जुळवता येतो. खऱ्या तारेचा चटका त्यात नाही, हे मान्य. पण ज्या शाळांच्या प्रयोगशाळांना वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असते, तेथील मुलांना चटका तसाही बसत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ‘एनपीटीईएल’ आणि ‘स्वयम’ ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची नावे निदान ऐकून तरी माहीत असतात. पहिला उपक्रम आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये उभा केला, तर दुसरा मंच केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये सुरू केला. नावनोंदणी, व्याख्याने आणि स्वाध्याय विनामूल्य असतात. शुल्क लागते ते प्रमाणपत्रासाठी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून पूर्ण करण्याची मुभा संस्थांना दिली आहे. असे असताना किती प्राध्यापक आपल्या वर्गात याची माहिती आपणहून देतात, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

नोकरी करणारा किंवा नोकरी शोधणारा प्रौढ माणूस मात्र या सर्व चर्चेतून वगळला जातो. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला, एखाद्या कार्यालयातल्या कनिष्ठ लिपिकाला किंवा संसारामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या गृहिणीला संगणक शिकायचा असेल, तर सहसा गल्लीतल्या संगणक वर्गाकडे बोट दाखवले जाते. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नावाने केलेले पाठ अशा माणसांसाठीच आहेत. एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्यावर दिसणारे सगळे इंग्रजीत असले तरी निवेदनाचा आवाज मराठीत ऐकता येतो, आणि शिकणाऱ्याने पाठ थांबवत थांबवत तीच कृती शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायची असते. पत्र लिहिणे, हिशोबाचा तक्ता मांडणे, छायाचित्र सुधारणे, पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणे असे विषय त्यांत आहेत, आणि पत्रे आणि तक्ते करण्याच्या ज्या लिब्रे ऑफिससारख्या प्रणाली शिकवल्या जातात त्याही मोफत आहेत. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या माणसाला कळ कोणती दाबायची हे मराठीतून ऐकू आले की त्याचा हात लवकर वळतो, असा माझा अनुभव आहे. हे पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात, हा भाग ग्रंथालयांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

परीक्षा नाही, नोकरी नाही, केवळ जिज्ञासेपोटी वाचणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर खजिनाच उघडा पडला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला सुरू झालेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी ज्या पुस्तकांसाठी दुकानांपुढे गर्दी उसळते, त्यांतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात ठेवलेले आहेत. १९०८ सालचे नागपूर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर सहज सापडते. आपल्या पेठा, तलाव आणि कापसाचा व्यापार यांविषयी वाद घालणाऱ्यांनी ते एकदा तरी चाळावे. निरक्षर प्रौढांसाठीही १५ वर्षांवरील सर्वांना सामावून घेणारा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे आणि त्याचे मोबाइल ॲपही आहे. मात्र ज्याला वाचताच येत नाही त्याने ॲप कसे उघडावे, हा प्रश्न शेजारी बसून शिकवणाऱ्या स्वयंसेवकाशिवाय सुटत नाही.

अडचण नेमकी येथेच आहे. सामग्रीचा तुटवडा मुळीच नाही. उलट ती इतकी आहे आणि इतक्या ठिकाणी विखुरलेली आहे की नवखा माणूस शोधता शोधता यूट्यूबवरच्या भलत्याच चित्रफितीवर जाऊन पोहोचतो, किंवा ‘मोफत’ या शब्दाला भुलून एखाद्या खासगी ॲपवर आपला मोबाइल क्रमांक देऊन बसतो आणि मग विक्री प्रतिनिधींचे फोन सुरू होतात. चाचणी मुदत संपली की खात्यातून परस्पर हप्ते कापले जाण्याचा धोका इतका खरा आहे की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला याविषयी पालकांना सावध करणारी सूचना काढावी लागली. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय याला उत्तर आहे असे सांगितले जाते. परंतु त्याचा आवाका जितका मोठा, तितकाच त्यातला शोध सामान्य वाचकाला अवघड जातो, हे माझे प्रामाणिक मत आहे.

यासाठी नवी इमारत, नवे ॲप किंवा नवी समिती यांपैकी कशाचीच गरज नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी ग्रंथालये आपल्या शहरात आणि काटोल, सावनेर, उमरेडसारख्या तालुक्यांच्या गावी आहेत. शिवाय वस्त्यावस्त्यांत अभ्यासिका आहेत. अभ्यासिकांत गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून आलेली स्पर्धा परीक्षांची मुले आपापले मोबाइल घेऊन बसतात, तर ग्रंथालयांत सकाळी वृत्तपत्रे वाचायला ज्येष्ठ येतात. प्रत्येक ठिकाणी एक चालू स्थितीतला संगणक, वयोगटाप्रमाणे मराठीत छापलेली दोन पानी यादी आणि ठरलेल्या वेळी मदतीला बसणारी एक व्यक्ती, इतके पुरे आहे. ती व्यक्ती राष्ट्रीय सेवा योजनेतला विद्यार्थी असू शकते किंवा माझ्यासारखी निवृत्त कर्मचारीही असू शकते. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ, ‘फेट’चे प्रयोग आणि मराठी विकिपीडिया यांचे परवाने मुक्त असल्याने त्यांच्या प्रती संगणकात साठवून ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, ‘किविक्स’ या इंटरनेटशिवाय वाचनाची सोय करणाऱ्या विनामूल्य प्रणालीच्या साहाय्याने तर मराठी विकिपीडिया एका पेन ड्राइव्हवर मावतो. नेट बंद पडले म्हणून वाचकाला परत पाठवण्याची वेळ त्यामुळे येणार नाही. प्रत सर्वच गोष्टींची करता येत नाही, हे मात्र यादी करणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. वाचायला मोफत असलेले सगळेच साहित्य पुन्हा वाटायला मोकळे नसते.

महानगरपालिकेने आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी येत्या उन्हाळी सुटीपूर्वी निदान काही निवडक ग्रंथालयांत हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा, शिकवणी वर्गांच्या जाहिरातींच्या शेजारीच, चार बोटे जागा एका मोफत साधनाच्या परिचयासाठी ठेवावी : ते कोणी केले, कोणत्या वयासाठी आहे, मराठीत कितपत आहे, शुल्क कोठे लागते, आणि इंटरनेटशिवाय चालते की नाही. मजकूर स्वतः वापरून पाहिल्यावरच छापावा. पहिल्या काही परिचयांचा मसुदा लिहून देण्याची माझी तयारी आहे आणि तो मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल
मानेवाडा, नागपूर