कॅमशाफ्ट मोजूनच बसवावा

संपादक महोदय,

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मेळाव्यांची छायाचित्रे मुंबईतील वृत्तपत्रे हौसेने छापतात आणि रंग, क्रोम, चामड्याची आसने यांचे कौतुकही होते. इंजिन पुन्हा बांधताना आत बसणारा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, नेमका कोणता, हे मात्र क्वचितच कोणी मोजून पाहतो.

चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात मिळालेला शाफ्ट जागेवर बसला की तो ‘ओरिजिनल’ ठरतो. जॅग्वारने १९४८ मध्ये एक्सके १२० या स्पोर्ट्स गाडीबरोबर आणलेल्या ३,४४२ सीसीच्या, दोन कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात सुरुवातीला ५/१६ इंच लिफ्टचे (म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उचलणारे) कॅम होते, पुढे ३/८ इंचाचे आले. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, म्हणजे नजरेला न कळणारा. शिवाय झिजलेला कॅम ग्राइंडिंग करून घेतला असेल, तर लोबची (कॅमच्या उंचवट्याची) एकूण उंची आणि तळवर्तुळाचा, म्हणजे कॅमच्या गोल भागाचा, व्यास दोन्ही घटलेले असतात, त्यामुळे उंचीतून हा व्यास वजा केल्याशिवाय खरी लिफ्ट कळत नाही. लिफ्ट जुळली तरी क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, हे वेगळे असू शकते. शर्यतीसाठी घासलेला कॅम आपल्या सिग्नलच्या रांगेत, कमी फेऱ्यांवर, अडखळतच चालतो आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरला लागतो.

टायमिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह नेमके कधी उघडतात-मिटतात याच्या, बाबतीतही चक्रांवरील खुणा जुळवून समाधान मानणे योग्य नाही. चेन सैल झाली असेल किंवा हेड (इंजिनाचा वरचा भाग) घासून सपाट करताना त्याची उंची कमी झाली असेल, तर खुणा जुळूनही कॅम मागे राहू शकतो. पिस्टन सर्वात वर असताना क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, म्हणून हा सर्वात वरचा बिंदू (टीडीसी) अंदाजाने ठरवू नये. स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा अडसर बसवावा, क्रँक हलक्या हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवावा आणि डिग्री व्हीलवरील (क्रँकवर लावलेल्या अंशांच्या चकतीवरील) दोन वाचनांचा मध्य घ्यावा. मग टॅपेटवर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील भागावर) डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळी माप, लावून, कमाल लिफ्टच्या दोन्ही बाजूंना समान उंचीवर वाचने घेऊन त्यांचा मध्य काढावा, तो मॅन्युअलशी ताडून पाहावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते, त्यामुळे कॅमवरील एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची दिसते. जॅग्वारच्या या इंजिनात चेनचक्रामागील दातेरी चकती फिरवून तेवढी बारीक दुरुस्ती करता येते. मात्र हेड बसवलेले असताना एकच कॅम स्वतंत्रपणे फिरवू नये. मिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकतात.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार विंटेज नोंदणी मिळते ती ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकींना. त्यामुळे गॅरेजने काम संपल्यावर बिलासोबत प्रत्येक लोबची लिफ्ट, उघड-बंद होण्याचे अंश आणि कॅमचा मध्य यांची सही केलेली नोंद द्यावी, आणि मालकांनी ती मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत, अशी माझी सूचना आहे.

– एक वाचक, माहीम, मुंबई