ग्राफ थिअरी फिजिक्सवाल्यांनाही शिकू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. जोडीला गणित विभागाची ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचे गणित, घ्यायची म्हणाली, तर कॉलेजने दोन कारणे सांगून तिला परत पाठवले: फिजिक्सवाल्यांना तिचा उपयोग नाही आणि वेळापत्रक जुळत नाही. मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, त्यातली बारा वर्षे कॉलेजचे वेळापत्रकही केले. त्यामुळे दोन्ही कारणांवर बोलणे भाग आहे.

तांब्यात थोडे मँगनीज मिसळले की त्याचे अणू वाटेल तिथे विखुरतात. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. आपसातल्या अंतराप्रमाणे काही जोड्यांना एकाच दिशेला तोंड करायचे असते, काहींना विरुद्ध. सगळ्यांचे मन राखता येत नाही. लग्नात तीन जावा, तिघींचेही एकमेकींशी पटत नाही आणि पंगती दोनच; कोणत्या तरी दोघी एका पंगतीत येणारच! याला ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात. शब्दकोशातल्या ‘वैफल्या’पेक्षा मला ‘रुसवा’ बरा वाटतो. असा पदार्थ म्हणजे स्पिन ग्लास. त्यात कमीत कमी रुसव्यांची मांडणी शोधायची, तर प्रत्येकाला दोनच दिशा धरल्या तरी नुसत्या 100 चुंबकांच्या मांडण्यांची संख्या 31 आकडी निघते.

चुंबक सपाट चौकोनी जाळीवर असतील तर मात्र एकेक मांडणी तपासत बसावे लागत नाही. ज्या चौकटींत रुसवा अटळ आहे त्यांवर खुणा करायच्या आणि शाळेतल्यासारख्या ‘जोड्या लावा’. अट एकच, जोडणाऱ्या वाटांची एकूण लांबी किमान हवी. शेजारच्या दोन चुंबकांमधल्या नात्याला बंध म्हणतात; वाट ज्या बंधांना ओलांडते तेवढेच नाराज राहतात. अशा जोड्या लावण्याची झटपट रीत जॅक एडमंड्स या गणितज्ञाने 1965 मध्ये दिली होती. 1980 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी ती स्पिन ग्लाससाठी वापरली. पण जाळीवर दुसरा मजला चढवला की युक्ती थकते. तो प्रश्न एनपी-हार्ड, म्हणजे ज्यांच्यासाठी झटपट रीत अजून कुणालाच सापडलेली नाही अशा प्रश्नांइतका अवघड, असल्याचे फ्रान्सिस्को बाराहोना यांनी 1982 मध्ये दाखवले. धातूतला हा प्रश्न कुठे सुटतो आणि कुठे अडतो, हे ग्राफ थिअरीने सांगितले. याला उपयोग म्हणायचे नाही तर कशाला?

आता वेळापत्रक. प्रत्येक तास म्हणजे एक बिंदू. दोन तासांना एकच शिक्षक किंवा एकच खोली लागत असेल तर त्यांच्यात रेघ. रेघेच्या दोन्ही टोकांना एक रंग चालत नाही, आणि रंग म्हणजे घड्याळातली वेळ. म्हणजे ज्या कारणाने ग्राफ थिअरी नाकारली, ते कारणच ग्राफ थिअरीतला प्रश्न आहे! मी हे ड्रॉइंग शीटवर करायचो. एक प्रॅक्टिकल शनिवारी ढकलले की चार जण तोंड फिरवायचे, पण जून संपायच्या आत वेळापत्रक फळ्यावर लागायचे.

नातीच्या कॉलेजची अडचण खरेच वेळापत्रकाची असेल, तर मी येऊन बसायला तयार आहे. पेन्सिल-खोडरबर माझे. चहा मात्र दोनदा लागेल.

– एक निवृत्त प्राध्यापक, सांगली