आनेत वादेमांचे नाव का वगळले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'एदुआर ए कारोलिन'वरचा लेख वाचला. १९५१च्या एका फ्रेंच चित्रपटाला तुम्ही अर्धे पान दिलेत याबद्दल आभार. पण त्या अर्ध्या पानात पटकथाकार आनेत वादेमां हे नाव एकदाही आले नाही! ज्या प्रसंगांचे तोंड भरून कौतुक केले आहे, ते सगळे 'दिग्दर्शकाच्या सूक्ष्म नजरे'च्या खात्यावर टाकले. झाक बेकेर मोठा दिग्दर्शक होता, त्याबद्दल वाद नाही. मात्र ही पटकथा विशीतल्या वादेमांने त्याच्यासोबत लिहिली होती.

झग्याचाच प्रसंग घ्या. कारोलिनच्या काकांच्या घरी बड्या लोकांपुढे तिच्या नवऱ्याला, एदुआरला, पियानो वाजवायचा आहे. वेस्टकोट सापडत नाही म्हणून तो उसना आणायला जातो. तेवढ्यात कारोलिन कात्री घेते आणि नव्या फॅशनप्रमाणे झगा पुढून आखूड करून टाकते. तो परत येतो, शब्दाने शब्द वाढतो आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. तुमचे लेखक याला 'गोड रुसवाफुगवा' म्हणतात. यात गोड काय आहे? ती थेट घटस्फोटाची भाषा करते. तिच्या माहेरची श्रीमंती आणि त्याचा रिकामा खिसा, हे सगळे त्या एका झग्यावरून बाहेर पडते. हे लिहायला बायकांचे कपाट आतून माहीत असावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

मला हे इतके लागते त्याला कारण आहे. नोकरीत असताना मी ऑफिसच्या स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली होती, रात्री ओटा आवरल्यावर. त्यात नायिका नवऱ्याशी भांडता भांडता दुधाच्या हिशेबाची सुटी नाणी मोजत राहते आणि दर वेळी तिचा आकडा चुकतो. प्रेक्षकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. बक्षीस मिळाले, आणि हस्तपत्रिकेत, फलकावर, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नाव फक्त दिग्दर्शकाचे. विचारले तर म्हणाले, "अहो ताई, नाटक तालमीत घडतं." नाणी तालमीत सापडली नव्हती, ती माझ्या घरातली होती. त्यानंतर मी एकांकिका लिहिली नाही.

वादेमां लिहीत राहिली. १९५३मध्ये दिग्दर्शक ओफ्युल्सच्या 'मादाम द...'च्या पटकथेतही तिचा वाटा आहे. पण १९५४च्या जानेवारीत तेव्हा समीक्षक असलेल्या तृफोने 'काय्ये द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकात पटकथाकारांच्या जोरावर चालणाऱ्या फ्रेंच चित्रपटांवर झोड उठवली, बेकेरला मात्र आपल्या आवडत्या दिग्दर्शकांच्या यादीत ठेवले. तेव्हापासून समीक्षक, चित्रपट म्हणजे दिग्दर्शकच, ही री ओढत आले आहेत. निदान मराठी वाचकांना तरी पूर्ण श्रेयनामावली मिळायला हवी.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो या चित्रपटातला नाही. तो बेकेरच्याच 'कास्क दॉर'मधल्या (१९५२) सिमोन सिन्योरेचा आहे. कारोलिनची भूमिका आन वेर्नोंने केली आहे. दोघींच्या चेहऱ्यात काडीचेही साम्य नाही. पान लावताना कोणी पाहत नाही का?

दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारी त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात छापाव्यात.

कळावे,
एक वाचक, नाशिक