पक्षाघातानंतर दृष्टिक्षेत्रही तपासले जावे

संपादक महोदय,

दरवर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात (स्ट्रोक) दिनी, वृत्तपत्रांत लक्षणांची चौकट छापून येते: तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. ही तीन लक्षणे आता घरोघरी माहीत झाली आहेत आणि त्याचे बरेचसे श्रेय वृत्तपत्रांना आहे. पण अचानक एका बाजूचे दिसेनासे होणे हेही पक्षाघाताचेच लक्षण आहे, आणि ते या चौकटीत क्वचितच सापडते. हातपाय धड आहेत, बोलणे स्वच्छ आहे, फक्त डावीकडचे दिसत नाही, असा माणूस चष्म्याचा नंबर वाढला असे समजतो किंवा झोप झाली की बरे वाटेल म्हणून आडवा होतो. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आतच देता येते. ती वेळ अशी झोपेत निघून जाते.

दुसरी उणीव रुग्णाला घरी सोडताना राहते. हाताची पकड पाहतात, चालवून पाहतात, गिळता येते का ते पाहतात. दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर एका जागी स्थिर ठेवून चहूबाजूंचे जेवढे दिसते त्याची, नोंद मात्र डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नसतेच. रुग्णाने तक्रार केली नाही म्हणून कुणी विचारले नाही, असे होते. पण तो तक्रार करणार कशी? गेलेल्या बाजूला त्याला काळोख दिसत नाही. आपल्या पाठीमागे आपल्याला काळे दिसते का? तिथे काहीच नसते, आणि नसल्याची जाणीवही नसते. तसेच हे. म्हणून तो 'सायकल एकदम अंगावर आली' म्हणतो, एकाच बाजूच्या खांद्याला आणि कोपराला सारखे मार बसतात, आणि घरच्यांना वाटते की आजारपणामुळे लक्ष लागत नाही.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याच्या नाकाकडील अर्ध्या भागातून निघणारे तंतू वाटेत एकमेकांना छेदून पलीकडच्या मेंदूत जातात, कानाकडच्या भागाचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू उजव्या मेंदूच्या मागच्या भागात उमटते आणि उजवी बाजू डाव्या. तिथला रक्तपुरवठा तुटला की दोन्ही डोळ्यांची तीच बाजू एकदम जाते. डॉक्टर याला हेमिअनोपिया म्हणतात. रुग्ण मात्र 'डावा डोळा गेला' असेच सांगतो. अशा वेळी एकेक डोळा झाकून पाहावे. कोणताही डोळा झाकला तरी तीच बाजू हरवलेली राहिली, तर दोष मेंदूतला आहे. त्याला नवा चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हा उपाय नाही. समोरचे मधले दिसणे बहुधा शाबूत असते. म्हणून भिंतीवरचा अक्षरतक्ता तो ६/६ पर्यंत वाचतो आणि 'डोळे उत्तम' असा शेरा घेऊन घरी येतो.

बोटांची साधी तपासणी काही मिनिटांत होते, आणि ती परिचारिका किंवा थेरपिस्टही शिकून करू शकतात. रुग्णासमोर साधारण १ मीटरवर, डोळे समपातळीत येतील असे बसावे. रुग्णाने एक डोळा तळहाताने झाकावा, दाबू नये, आणि उघड्या डोळ्याने तपासणाऱ्याच्या नाकाकडे पाहत राहावे. दोघांच्या मधोमध, नजरेच्या रेषेपासून वीतभर दूर, वर डावीकडे, वर उजवीकडे, खाली डावीकडे, खाली उजवीकडे अशा चार जागी १, २ किंवा ५ बोटे दाखवून किती ते विचारावे. ३ आणि ४ यांत धडधाकट माणसाचीही गल्लत होते, म्हणून ती टाळावीत. मग हेच दुसऱ्या डोळ्यासाठी करावे.

इथे चुका ठरलेल्या आहेत. बोटे हलवली जातात, आणि आंधळ्या बाजूलाही कधीकधी हालचाल जाणवते. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांनी जखमी सैनिकांमध्ये १९१७ सालीच ही गोष्ट नोंदवली होती. म्हणून बोटे मोजायला लावताना हात स्थिर हवा. रुग्णाची नजर चोरून बोटांकडे वळते; तपासणाऱ्याने स्वतःच्या बोटांकडे न पाहता रुग्णाच्या डोळ्यावर लक्ष ठेवावे. आणि हात उचलायला सोपे म्हणून वरच्याच दोन जागा तपासल्या जातात. खालचा चतकोर गेलेला माणूस तपासणीत उत्तीर्ण होतो आणि जिन्यावर पडतो. बोटांच्या तपासणीत लहान दोष निसटतात, त्यामुळे शंका राहिली तर पेरिमेट्री म्हणजे यंत्रावरची दृष्टिक्षेत्राची तपासणी (फील्ड टेस्ट) करावीच. ती रुग्ण ताजातवाना असताना घ्यावी. पेंगुळलेल्या माणसाचा फील्ड रिपोर्ट विश्वासाचा नसतो.

शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोटे दाखवावीत. एकेकटी दिसतात पण एकत्र दाखवली की डावीकडची वगळली जातात, असे झाले तर प्रश्न न दिसण्याचा नसून त्या बाजूकडे लक्षच न जाण्याचा असू शकतो. त्याला नेग्लेक्ट म्हणतात. तो उजव्या मेंदूच्या आघातानंतर जास्त दिसतो, आणि एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. हा भेद करायलाच हवा. नुसते दृष्टिक्षेत्र गेलेल्या माणसाला समजावले की तो तिकडे पाहू लागतो. नेग्लेक्ट असलेल्याला ती बाजू उरलेली आहे हेच पटत नाही, ताटाचा अर्धा भाग तसाच राहतो, आणि त्याचे प्रशिक्षण वेगळे आणि जास्त चिकाटीचे असते.

गेलेले क्षेत्र परत येते का, हा प्रत्येक कुटुंबाचा पहिला प्रश्न. आपोआप होणारी सुधारणा मुख्यतः पहिल्या महिन्यात आणि काही प्रमाणात पहिल्या तीन महिन्यांत होते. सहा महिन्यांनंतर फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. हे स्पष्ट सांगितलेले बरे, कारण खोट्या आशेवर घालवलेल्या महिन्यांत नजर फिरवण्याचे तंत्र शिकून झाले असते. क्षेत्र तेवढेच राहते, पण वापर बदलतो.

या तंत्रात 'मान वळवत जा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला अपुरा आहे. दृष्टिक्षेत्र डोळ्याला बांधलेले असते, मानेला नाही. मान डावीकडे वळवली आणि डोळे समोरच्याच वस्तूवर खिळून राहिले, तर डावीकडचे काहीच नव्याने दिसत नाही, मान तेवढी दुखते. आधी डोळे, मागून मान, असा क्रम हवा. दुसरी अडचण अशी की लक्ष्य कुठे आहे हे न दिसल्यामुळे डोळे आंधळ्या बाजूला बिचकत, लहान लहान उड्या मारत जातात आणि मध्येच थांबतात. म्हणून मुद्दाम मोठी उडी शिकवावी: नजर एकदम त्या बाजूच्या टोकापलीकडे फेकायची आणि तिथून परत मध्याकडे आणायची.

सराव बसून सुरू करावा. भिंतीवर हात पसरल्याएवढ्या रुंदीत १ ते २० आकडे विस्कटून लावावेत आणि क्रमाने शोधायला सांगावेत. शोध नेहमी आंधळ्या बाजूच्या टोकापासून, ओळीओळीने. रोज २० ते ३० मिनिटे पुरतात, थकवा आला की थांबावे. मग लांब व्हरांड्यात दोन्ही बाजूंना मिळून २० चिठ्ठ्या चिकटवाव्यात, गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर. एकूण किती ते सांगू नये. चालत जाऊन तो किती मोजतो आणि कोणत्या सुटतात ते लिहून ठेवावे. आंधळ्या बाजूच्या, त्यातही खालच्या चिठ्ठ्या सुटत असतील तर पुढचा सराव तिथेच. हे काही आठवडे चालते. गर्दीत नेण्याची घाई करू नये.

वाचनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण 'आता वाचनात रस राहिला नाही' असे म्हणून हा विषय फार लवकर सोडला जातो. डावी बाजू गेली असेल तर ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही, आणि पहिला अंक सुटून १५० चे ५० होतात. उजवी बाजू गेली असेल तर वाचन अधिक अडते, कारण पुढचा शब्द येताना दिसतच नाही. मराठीत तर अर्थाचा मोठा भाग शब्दाच्या आणि वाक्याच्या शेवटी असतो. 'घराला', 'घरातून', 'घरापर्यंत' यांतले 'घरा' एवढेच दिसते आणि बाकीचे अंदाजाने पूर्ण होते. 'नाही' वाक्याच्या टोकाला असते. औषधाच्या चिठ्ठीवर 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांत नेमका हाच धोका आहे, तेव्हा औषधे काही काळ दुसऱ्याने वाचून द्यावीत. डावी बाजू गेलेल्याने पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढावी आणि ती दिसेपर्यंत नजर मागे न्यावी. ओळीखाली पट्टी धरावी. उजवी बाजू गेलेल्याने शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर नजर टेकवण्याची सवय करावी. अरुंद स्तंभ दोघांनाही सोपा जातो. काहींना कागद काटकोनात फिरवून वरून खाली वाचणे जमते. विचित्र वाटते, पण करून पाहण्यासारखे आहे.

चष्म्याला चिकटवायच्या फ्रेनेल प्रिझमचा, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या पातळ पारदर्शक पट्टीचा, काहींना उपयोग होतो. ४० डायॉप्टर (प्रिझमच्या ताकदीचे माप) इतका प्रिझम आंधळ्या बाजूची प्रतिमा साधारण २० अंश सरकवून आत आणतो. त्याच्या पट्ट्या आंधळ्या बाजूच्या डोळ्याच्या काचेवर वर आणि खाली लावतात, मधला भाग मोकळा ठेवतात. प्रिझममध्ये काही हलले की ती फक्त सूचना समजायची आणि मधल्या काचेतून तिकडे पाहायचे. पट्टीतूनच बघत राहिले की दोन-दोन दिसते, डोके दुखते आणि चष्मा कपाटात जातो.

घरात दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावीत. अर्धवट उघड्या दाराची कड सर्वांत घातक. खालचा भाग दिसत नसेल तर प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी हवी. सोबत्याने आंधळ्या बाजूने चालावे आणि त्या बाजूने हात लावण्याआधी बोलावे. चारचौघांत बसताना डावी बाजू गेलेल्याने खोलीच्या स्वतःच्या डाव्या टोकाला बसावे, म्हणजे सगळे उजवीकडे येतात.

आंधळ्या बाजूला कधी नक्षी, चेहरे, माणसे दिसू लागतात. रुग्ण वेड लागेल या भीतीने ते लपवतो. मेंदूच्या दृष्टिभागाला माहिती न मिळाल्याने हे होते आणि बहुधा ओसरते. डॉक्टरांना सांगावे, घाबरू नये.

वाहनाबाबत मात्र सवलत नको. दोन्ही डोळ्यांचे आडवे क्षेत्र साधारण १८० अंश असते, हेमिअनोपियात त्याचे निम्मे उरते. युरोपीय संघाच्या नियमांत सामान्य वाहन परवान्यासाठी किमान १२० अंश अपेक्षित आहेत. पाय बरा झाला म्हणजे गाडी चालवता येईल, असे घरच्यांनी स्वतः ठरवू नये. फील्ड रिपोर्ट आणि डॉक्टरांची लेखी संमती मिळेपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे असावी.

रुग्णालयांना आमची विनंती आहे की डिस्चार्ज कार्डावर दोन्ही डोळ्यांसाठी चार-चार चौकोन छापावेत आणि बोटे दिसली की नाही ते त्यांत भरूनच रुग्णाला घरी पाठवावे. आपल्याला विनंती, येत्या २९ ऑक्टोबरच्या चौकटीत चौथी ओळ घालावी: 'अचानक एका बाजूचे दिसेनासे झाले तर वेळ लिहून ठेवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.'

आपले,
पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाचे काम करणारे थेरपिस्ट