सायली, आधी ठोके, मग पेस

ठाणे, १२ ऑक्टोबर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घड्याळातला रविवारच्या रनचा आलेख नीट पाहिला. पाम बीच रोडवर ११ किलोमीटर, ८० मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांतच ठोके १७२ वर गेले, पुढची बारा मिनिटं तिथेच चिकटले आणि मग एकदम १५१ वर उतरले. हृदय असं वागत नाही. एकाच पेसला, म्हणजे किलोमीटरला तेवढीच मिनिटं घेत, धावताना ते मधेच वीस ठोक्यांनी खाली येत नाही. आता त्याच आलेखातली कॅडेन्सची, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांची, रेघ बघ: तीही १७२. म्हणजे तेवढा वेळ घड्याळ तुझी पावलं मोजत होतं. मनगटावरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची ये-जा टिपतो. घड्याळ सैल असलं की हाताच्या हिसक्यालाच ते ठोका समजतं. मग आकडा उतरल्यावर तुला वाटलं आता जोर करता येईल, आणि शेवटचे तीन किलोमीटर खरोखरच १७०च्या वर गेले.

म्हणून आधी ठोके मोजणारा छातीचा पट्टा घे. तो स्पोर्ट्स ब्राच्या इलॅस्टिकच्या लगेच खाली, घसरणार नाही इतका घट्ट बांध. आतल्या रबरी पट्ट्या बांधण्याआधी पाण्याने चांगल्या ओल्या कर. कोरड्या राहिल्या तर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे उड्या मारतात. घरी आलीस की साध्या पाण्याने खळबळून घे, नाहीतर घामातलं मीठ साचून पट्टा लवकर खराब होतो. मधली डबी काढून वेगळी ठेव, म्हणजे सेल उगाच उतरणार नाही.

आता तुझे आकडे. २२० वजा वय हे सूत्र सरासरी सांगतं. एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्या फरकाने सगळा सराव चुकतो. पारसिक हिलच्या चढावर एकदा खरं मोजून घे. पंधरा मिनिटं हळू धाव, मग अडीच मिनिटं जोरात चढ आणि सावकाश खाली ये. असं तीनदा कर. तिसऱ्या चढाच्या शेवटी दिसेल तो तुझा कमाल आकडा धर. ताप-सर्दी असताना किंवा झोप झाली नसताना हे करायचं नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना दाखव. विश्रांतीचे ठोके मात्र जाग आल्यावर, अंथरुणातच, चहाच्या आधी मोज. बोटं मनगटावर ठेवून पूर्ण ६० सेकंद, सलग पाच दिवस, आणि त्यांची सरासरी काढ.

समजा कमाल १९६ आणि विश्रांतीचे ६४ आले. मधलं अंतर १३२. त्याचे ६० टक्के ७९, ७० टक्के ९२. दोन्हींत ६४ मिळव: १४३ ते १५६, ही संथ धावण्याची हद्द. ही फिनलंडच्या कार्वोनेन यांची रीत. अमेरिकन प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं १८० वजा वय तुझ्या सत्ताविसाव्या वर्षी १५३ देतं. दोन्ही हिशेब जवळपास जुळले की १५३ ही वरची हद्द धर. धावता धावता पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. आकडा एक सांगतो आणि श्वास दुसरं सांगतो, तेव्हा श्वासाचं ऐक.

या हद्दीत पहिले काही आठवडे तुला लाज वाटेल इतकं हळू धावावं लागेल. फ्लायओव्हरच्या चढावर चालावंही लागेल. चाल. ठोके श्रमाच्या मागून, अर्ध्या-एक मिनिटाने चढतात, म्हणून चढ समोर दिसला की आधीच पेस सोड. अशा संथ, लांब धावण्यानेच हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला लागतं. तू रोज १६५च्या आसपास धावतेस, तेच मला सर्वांत खटकतं. तेवढ्या जोराने थकवा साचतो, पण वेगवान सरावाचा पूर्ण फायदाही मिळत नाही. न्यूझीलंडचा पीटर स्नेल १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर जिंकला, म्हणजे दोन मिनिटांच्याही आतली शर्यत. तरी त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्याच्याकडून ३० किलोमीटरच्या पुढची लाँग रन करून घेत असत.

आठवड्याला चार दिवस पुरेत. मंगळवारी ४० मिनिटं, गुरुवारी ४५, शनिवारी ३०, रविवारी ७५. किलोमीटर मोजू नकोस, मिनिटं मोज. रविवारची रन दर आठवड्याला दहा मिनिटांनी वाढव, चौथ्या आठवड्यात सगळंच पाऊणपट कर. गुरुवारी शेवटी २० सेकंदांचे सहा स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या वेगवान धावा, घे, मधे पूर्ण दम खाऊन, म्हणजे पायांतली चपळाई राहील. टेम्पो रन, म्हणजे जोराची पण सलग टिकवता येईल अशी धाव, दोन महिन्यांनी, तीही आठवड्यातून एकच.

ऑक्टोबरची हवा तुला फसवेल. दमटपणात घाम वाळत नाही, कातडी थंड करायला रक्त तिकडे वळतं, आणि घामाने रक्तातलं पाणीही घटतं. एका ठोक्यात कमी रक्त जातं, म्हणून हृदयाला जास्त वेळा ठोकावं लागतं. त्याच पेसला दहा ठोके जास्त दिसले तर पेस सोड, हद्द वाढवू नकोस. पहाटे सव्वापाचला बाहेर पड. तासाच्या वरच्या रनला बाटली हवीच: एक लिटर पाण्यात एक लिंबू, पाव चमचा मीठ, पाच-सहा चमचे साखर. आधी आणि नंतर वजन कर. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, आणि तुझ्या ५४ किलोला याहून जास्त घट नको.

प्रगती बघायची ती अशी. दर चार आठवड्यांनी नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ बागेच्या ट्रॅकवर, त्याच वेळी, पंधरा मिनिटं अंग मोकळं करून ५ किलोमीटर १५० ठोक्यांवर धाव आणि लागलेली वेळ वहीत लिही. शेजारी हवेबद्दलही लिही. ऑक्टोबरपेक्षा जानेवारीत वेळ कमी आली तर त्यात थंडीचाही वाटा असतो, सगळं श्रेय पायांना देऊ नकोस. लाँग रनचे दोन भाग करूनही ताड. समजा पहिला अर्धा ७:४० च्या पेसने १४८ ठोक्यांवर गेला आणि दुसरा ७:४५ ने १५८ वर. मिनिटाला किती मीटर धावलीस त्याला ठोक्यांनी भाग: ०.८८ वरून ०.८२, म्हणजे सात टक्के घसरण. ही पाचाच्या आत येईपर्यंत टेम्पोचं नाव काढू नकोस.

सकाळचे ठोके नेहमीपेक्षा सात-आठने वर असले तर त्या दिवशी विश्रांती. रात्री उशिराच्या लोकलने आलीस की असं होतंच. ताप असताना अजिबात धावू नकोस. विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूला पोचू शकते, आणि ती धावून भरून निघत नाही.

एक काम मात्र या आठवड्यातच कर: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) तपासून घे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं तर प्राणवायू पोचवायला हृदय जास्त धडधडतं, आणि मग कितीही हळू धावलीस तरी आकडा खाली येत नाही. पाळीत लोह जातं, त्यामुळे धावणाऱ्या मुलींत हे वारंवार आढळतं. गोळ्या मनाने सुरू करू नकोस. रिपोर्ट मला पाठव, आणि पुढच्या रविवारचा आलेख पट्टा लावून.

तुझी,
आई