बेस वाजवणाऱ्याचे नाव तरी नीट छापा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘बुकर टी. अँड द एमजीज’ या अमेरिकी वाद्यवृंदाच्या ‘ग्रीन अनियन्स’ या धूनवरचा लेख वाचला. मेम्फिसच्या संगीताला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळाले याचा आनंद झाला, पण तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. त्या तबकडीवर बेस गिटार डोनाल्ड ‘डक’ डन यांनी वाजवल्याचे लेखात छातीठोकपणे लिहिले आहे. साफ चूक! १९६२ साली मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत बेसवर लुई स्टाइनबर्ग होते. डन त्यांच्या जागी आले ते पुढे दोन-तीन वर्षांनी.

‘दोन काळे, दोन गोरे’ हा लेखाचा सगळा डोलारा त्यामुळे कोसळतो. तो संच गोरे डन आल्यानंतरचा. या तबकडीवर ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स, ड्रमर अल जॅक्सन आणि स्टाइनबर्ग हे तिघे कृष्णवर्णीय, गोरे एकटे गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर. गायक बिली ली रायली यांच्या ध्वनिमुद्रणानंतर उरलेल्या वेळात चौघांनी एक संथ ब्लूज वाजवला, तो स्टॅक्सचे जिम स्टुअर्ट यांनी टेपवर घेतला आणि तबकडीची दुसरी बाजू भरायला सतरा वर्षांच्या जोन्सने ऑर्गनवरची आपली चाल काढली, तीच ‘ग्रीन अनियन्स’, ही हकिगत लेखात छान आली आहे. पण त्या ऑर्गनला खालून धरून ठेवणारा माणूसच त्यात नाही.

माझे थोरले बंधू सोलापुरात ऑर्केस्ट्रात बेस वाजवत. एका कार्यक्रमाच्या बातमीत गायक, निवेदक, अगदी मंडपवाल्याचेही नाव बरोबर छापले होते. बेसपुढे मात्र भलत्याच माणसाचे. आई कात्री घेऊन बसली होती. नाव वाचले आणि पेपर घडी करून रद्दीत ठेवला. दादा त्या दैनिकाच्या कचेरीत गेले, तर ‘आता काय फरक पडतो?’ असे ऐकून परत आले. फरक पडतो, महोदय. १९९२ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने या गटाचा सन्मान केला तेव्हा स्टाइनबर्गही त्यात होते. २०१६ मध्ये ते गेले. आता त्यांच्या बाजूने बोलायला फक्त तबकडी उरली आहे.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. आणि मैफलींच्या वृत्तांतात ‘साथसंगत पूरक होती’ एवढ्यावर तबलजी आणि पेटीवाल्यांची बोळवण करणेही आता थांबवावे.

— एक वाचक, सोलापूर